ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील मिडफिल्डर : वेग आणि अंगकाठी

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये चेंडू जिथे अडकतो, उसळतो आणि पुन्हा खेळात येतो तिथे सतत धावून जाणाऱ्या खेळाडूला मिडफिल्डर म्हणतात. हा खेळाडू वेगवान हवा की अंगापिंडाने भक्कम, यावर मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद होत आले आहेत. दोन्ही बाजूंकडे दाखल्यांची कमतरता नाही, कारण वेग आणि अंगकाठी ही दोन्ही एकच गोष्ट मिळवण्याची साधने आहेत: चेंडू हातात आल्यावर मिळणारी अर्ध्या सेकंदाची उसंत.

एका संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. मैदान लंबगोल, बहुतेकदा क्रिकेटचेच. त्याची मापे पक्की ठरलेली नाहीत. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर चालते. २० मिनिटांची चार सत्रे असतात आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते, म्हणून एक सत्र प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या घरात जाते. ऑफसाइड नाही, त्यामुळे विरोधक कोणत्याही बाजूने अंगावर येऊ शकतो. मिडफिल्डर एका सामन्यात साधारण १२ ते १५ किलोमीटर धावतो, तेही एका लयीत नव्हे, तर थांबत, वळत, धडकत आणि पुन्हा सुसाट सुटत.

हा वाद कशावरून आहे ते मध्यवर्तुळात कळते. पंच चेंडू उडवतात, दोन्ही संघांचे ‘रक’ म्हणजे सर्वांत उंच गडी त्यावर झेपावतात आणि त्यातला एक तो खाली आपल्या माणसाकडे ढकलतो. खाली दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिडफिल्डर कोपरे आणि खांदे एकमेकांना लावून उभे असतात. चेंडू ज्याच्या हाती पडतो त्याच्या कमरेला पुढच्याच क्षणी मिठी पडते. आता त्याला लाथ मारून किंवा हँडबॉल करून चेंडू सोडावाच लागतो. हँडबॉल म्हणजे एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो हाणणे. चेंडू सोडण्याची संधी मिळूनही तो धरून बसला, तर फ्री किक विरोधकाला. या कोंडीतून सुटायला तीन वाटा आहेत. पकडणाऱ्याला अंगावर झेलून हात मोकळे ठेवायचे, ही धिप्पाड माणसाची वाट. मिठी पडण्याआधीच निसटायचे, ही वेगवानाची. तिसरी वाट वादात बहुधा विसरली जाते: चेंडू हाती येण्याआधीच तो कुठे द्यायचा ते ठरवून ठेवायचे.

तिसऱ्या वाटेचा सर्वांत मोठा वाटसरू ग्रेग विल्यम्स. बेंडिगोजवळच्या गोल्डन स्क्वेअर क्लबातून आलेला हा मुलगा फार संथ आहे म्हणून कार्लटन क्लबने सुरुवातीला घेतला नाही. १९८४ मध्ये तो जिलाँगकडून खेळू लागला, पुढे सिडनीला गेला आणि १९८६ मध्ये ब्राऊनलो पदक मिळवले. पंचांच्या मतांवर दिले जाणारे हे पदक या खेळातला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान आहे. मग ज्यांनी नाकारले त्या कार्लटननेच त्याला आणले आणि १९९४ मध्ये तिथे त्याला दुसरे ब्राऊनलो मिळाले. उंचीही बेताची आणि पायही जड. म्हणजे वेग आणि अंगकाठी या दोन्ही कसोट्यांवर तो नापासच ठरला असता. पण त्याचा हँडबॉल पळत्या सहकाऱ्याच्या पुढ्यात पडायचा, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने आणि बऱ्याचदा मिठीत अडकलेला असताना. १९८९ मध्ये सेंट किल्डाविरुद्ध त्याने एका सामन्यात ५३ वेळा चेंडू पुढे दिला. हा उच्चांक २०१८ मध्ये हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने ५४ वर नेला, आणि मिचेलचेही नाव कधी वेगासाठी घेतले गेले नाही. या दोघांना बाजूला ठेवून वेग-अंगकाठीचा हिशेब मांडला तर तो चुकतोच.

जुन्या मांडणीत शरीरावरून जागा ठरत असे. उंच माणूस रक, आणि त्याने खाली ढकललेला चेंडू उचलणारा बुटका चपळ माणूस रोव्हर. १९५० च्या दशकात मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्याकडे रॉन बरासी हा तरुण आला. रकसाठी तो ठेंगणा होता आणि रोव्हरसाठी थोराड. स्मिथ यांनी त्याला कुठल्या चौकटीत कोंबले नाही. दोन्हींच्या मधली ‘रक-रोव्हर’ ही भूमिका त्याच्याकडून वठवून घेतली आणि पुढे सगळ्या संघांनी ती उचलली. १९५५ ते १९६४ या काळात मेलबर्नने सहा विजेतेपदे मिळवली, आणि सहाही अंतिम सामन्यांत बरासी होता. आजचा दणकट, धावणारा मिडफिल्डर त्याच भूमिकेतून पुढे आला आहे.

रोव्हरची परंपराही तेवढीच सकस आहे. टोनी लिबराटोरे अवघा १६३ सेंटिमीटर, पण फुट्सक्रेकडून खेळताना त्याने १९९० चे ब्राऊनलो जिंकले. मूर्ती लहान पण कीर्ती महान हे त्याला तंतोतंत लागू पडते. नॉर्थ मेलबर्नचा ब्रेंट हार्वी १६७ सेंटिमीटरचा, आणि तो २०१६ पर्यंत ४३२ सामने खेळला. उलट कार्लटनचा अँथनी कुटूफिडिस आणि सिडनीचा ॲडम गुड्स हे १९० सेंटिमीटरच्या आसपासचे गडी धावायलाही तरबेज होते. त्यांच्यानंतर उंच मिडफिल्डर शोधायची जणू चढाओढच लागली.

अलीकडच्या काळात हा वाद दोन नावांभोवती फिरतो. कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स १९५ सेंटिमीटर, ब्रिस्बेनचा लॅची नील १७७. ब्राऊनलो २०२० मध्ये नीलला, २०२२ मध्ये क्रिप्सला, २०२३ मध्ये पुन्हा नीलला आणि २०२४ मध्ये पुन्हा क्रिप्सला मिळाले. शेवटच्या वेळी ४५ मतांच्या विक्रमासह. क्रिप्स दोघांना अंगावर घेऊन हात वर काढतो आणि त्यांच्या डोक्यावरून चेंडू देतो. नील त्याच गर्दीत जमिनीलगत शिरतो, चेंडू एका झटक्यात उचलतो आणि वळण्याआधीच देऊन मोकळा होतो. पण नीलला नुसते वेगवान म्हणणे बरोबर नाही. त्याचे पहिले पाऊल लवकर पडते, आणि लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा ते फार वेगळे कौशल्य आहे.

संवेगाचे साधे गणित इथे उपयोगी पडते. ७८ किलोचा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने आला आणि ९५ किलोचा साडेसहा मीटर वेगाने, तर वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार दोघांचा जवळपास सारखाच येतो: ६२४ आणि ६१७.५. म्हणजे हलका गडी धडकेत मार खातोच असे नाही. त्याला धाव घ्यायला जागा हवी, एवढेच. घोळक्यात ती नसते. तिथे सगळे उभ्या जागेवरून निघतात आणि वजन, रोवलेले पाय, मांड्यांची ताकद यांचा जोर चालतो. मात्र चेंडू जमिनीवर असेल तर बुटक्याला कमी वाकावे लागते, आणि चौथ्या सत्रात प्रत्येक जादा किलो पायांना जाणवतो.

म्हणून कोणते शरीर फळाला येईल हे बरेचसे नियमांवर ठरते. बदली खेळाडू हवे तितक्यांदा आत-बाहेर करता येत, तेव्हा जड मिडफिल्डरला दम खायला बाकावर बसवता येई. २०१४ मध्ये अशा अदलाबदलींवर सामन्यामागे १२० ची मर्यादा आली, २०१६ मध्ये ती ९० झाली आणि २०२१ मध्ये ७५. दमसास नसलेल्या धिप्पाडांची त्यामुळे पंचाईत झाली. २०१९ पासून मध्यवर्तुळातून खेळ सुरू होताना दोन्ही टोकांना आणि मध्ये प्रत्येकी सहा खेळाडू ठेवणे बंधनकारक झाले. परिणामी बाहेर मोकळी जागा राहते आणि चेंडू घेऊन सुटणाऱ्याला थेट गोलची वाट दिसते. वेस्ट कोस्टसाठी खेळताना क्रिस जडने २००४ मध्ये पहिले ब्राऊनलो मिळवले ते अशाच सुसाट धावांवर, आणि तेव्हा हा नियम नव्हताही.

रिचमंडच्या डस्टिन मार्टिनने २०१७ मध्ये ब्राऊनलो, विजेतेपद आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक ही तिन्ही एकाच हंगामात मिळवली. असे पूर्वी कोणी केले नव्हते. त्याची ओळख म्हणजे हात ताठ करून तळव्याने विरोधकाला छातीवर दूर लोटणे. पकडायला आलेला माणूस हातभर अंतरावर अडकतो आणि मार्टिन धावतच राहतो. यात ताकद किती आणि वेग किती हे वेगळे काढता येत नाही.

ब्राऊनलोवरून निष्कर्ष काढताना एक सावधगिरी हवी. मते पंच देतात, आणि पंच घोळक्याजवळ उभे असतात. आतल्या झुंजीत राबणारा त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. बाजूच्या पट्ट्यात ६० मीटर धावून चेंडू पोचवणारा विंगर तेवढा नजरेत भरत नाही.

नवे खेळाडू निवडताना उंची, वजन, २० मीटरची धाव आणि २ किलोमीटरची धाव मोजली जाते. २० मीटर ३ सेकंदांच्या आत कापणारा वेगवान समजला जातो. पण ही धाव सरळ रेषेतली, हात मोकळे असलेली आणि कोणी अंगावर न येणारी असते.

महिलांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली. तिथे मैदानात एका संघाच्या १६ जणी असल्यामुळे माणशी जागा अधिक मिळते. २०२३ च्या हंगामातली सर्वोत्तम खेळाडू रिचमंडची मोनिक कॉन्टी बास्केटबॉलमधून आलेली आहे. गर्दीत पाय न थांबवता दिशा बदलणे हे तिचे बळ.