बोधचिन्हाचे व्यापारचिन्ह-संरक्षण : गोव्यातील लघुव्यवसाय

व्यवसायाने आपल्या मालावर, वेष्टनावर, पाटीवर किंवा बिलावर वापरलेली आकृती ग्राहकाची फसगत होईल अशा रीतीने दुसऱ्या कोणी वापरू नये, यासाठी कायद्याने दिलेल्या हक्काला बोधचिन्हाचे (लोगोचे) व्यापारचिन्ह-संरक्षण (ट्रेडमार्क-संरक्षण) म्हणतात. भारतात हा हक्क व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ या कायद्यावर आधारलेला आहे. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी अमलात आला. त्याने १९५८ चा जुना कायदा रद्द केला आणि मालाच्या चिन्हांबरोबर सेवांच्या चिन्हांनाही नोंदणी खुली केली. खानावळी, होमस्टे, टॅक्सीसेवा, पाण्यावरचे खेळ अशा सेवांवर ज्याचे अर्थकारण बऱ्याच अंशी चालते, त्या गोव्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला.

पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा व्यापार परवाना, अन्नसुरक्षा परवाना, जीएसटी क्रमांक, कंपनीच्या नावाची नोंद किंवा संकेतस्थळाचा पत्ता यांपैकी कशानेही बोधचिन्हावर हक्क निर्माण होत नाही. ‘आमच्याकडे सगळे परवाने आहेत’ असे सांगणाऱ्या दुकानदाराच्या हाती चिन्हापुरते काहीच नसते, ही गोष्ट बहुधा नक्कल बाजारात आल्यावरच ध्यानात येते.

चिन्हाचे वेगळेपण

कायद्याच्या कलम ९ नुसार ज्या चिन्हाला स्वतःचे वेगळेपण नाही, किंवा जे केवळ मालाचा प्रकार, दर्जा वा उगमस्थान सांगते, त्याची नोंदणी नाकारली जाते. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या दीर्घ वापराने ते चिन्ह लोकांच्या मनात त्या एकाच व्यवसायाशी जोडले गेले असेल, तरच याला अपवाद होतो. गोव्यात खरी अडचण येथेच येते. माड, मावळता सूर्य, होडी, लाट, कोंबडा, काजूचे बोंड आणि जुन्या घराची बाल्कांव (दारापुढची बसायची जागा) ही चित्रे म्हापशाच्या बाजारापासून काणकोणच्या किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणच्या पाट्यांवर दिसतात. सोललेल्या काजूगरांच्या पुड्यावर काजूचे बोंड काढले, तर ते चित्र माल काय आहे एवढेच सांगते. माल कोणाचा आहे हे सांगत नाही. अशा आकृतीची नोंदणी इतर मजकुरासह झाली, तरी कलम १७ नुसार हक्क संपूर्ण चिन्हावर मिळतो, त्यातील सर्वसामान्य भागावर नाही. म्हणजे शेजारच्याने वेगळ्या नावाखाली माड काढला, तर त्याला अडवता येत नाही. ‘गोवा’ किंवा ‘गोंय’ या शब्दांचेही तसेच आहे. ते उगमस्थान दाखवतात आणि सर्वांसाठी मोकळे राहतात.

देवदेवतांच्या नावांचा आणि चित्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शांतादुर्गा, मंगेश, दामोदर, महालसा ही नावे गोव्यातील असंख्य दुकानांना श्रद्धेने दिलेली असतात. धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह कलम ९ नुसार नोंदता येत नाहीच. शिवाय उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर मागितलेला एकाधिकार नाकारताना पवित्र ग्रंथाचे नाव कोणा एकाला आपल्या मालासाठी राखून घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. कुलदेवतेच्या नावाने सुरू झालेल्या व्यवसायाने ते नाव पाटीवर जरूर ठेवावे, पण बोधचिन्हाचा भार दुसऱ्या एखाद्या कल्पनेवर टाकणे शहाणपणाचे.

मालाशी थेट संबंध नसलेली, कल्पनेतून उभी केलेली आकृती सर्वांत भक्कम ठरते. खाज्यांच्या (एका गोड पदार्थाच्या) पाकिटावर खाजे काढण्यापेक्षा, ज्याचा खाज्यांशी काही संबंध नाही असा एखादा पक्षी विशिष्ट रेषांत काढला, तर तो ग्राहकाच्या लक्षात राहायला थोडा वेळ लागतो, परंतु न्यायालयात टिकतो.

चित्र आणि त्याची मालकी

बोधचिन्ह हे व्यापारचिन्ह असते तशीच ती एक कलाकृतीही असते आणि कलाकृती म्हणून तिच्यावर प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ लागू होतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा प्रताधिकार सामान्यतः मालकाकडे जातो. बाहेरच्या चित्रकाराला किंवा छापखान्यातल्या डिझायनरला काही रुपये देऊन करून घेतलेल्या चित्राबाबत मात्र वाद उभा राहू शकतो, कारण पैसे दिल्याची पावती म्हणजे हक्काचे हस्तांतरण नव्हे. असे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच, असे कायदा धरून चालतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द त्या कागदावर असावे लागतात. तयार नमुने पुरवणाऱ्या संकेतस्थळांवरून उचललेली चित्रे तर मुळातच इतर हजारोंना उपलब्ध असतात. त्यांवर वेगळेपणाचा दावा उभा करणे जवळजवळ अशक्य असते.

अर्ज आणि त्याचा प्रवास

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद अशा पाच शाखा आहेत. गोवा हे राज्य महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्यासह मुंबई शाखेच्या अधिकारक्षेत्रात येते. अर्ज ऑनलाइन भरता येत असल्याने मुंबईची खेप टळते.

अर्जापूर्वीचा शोध हा या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कार्यालयाच्या संकेतस्थळावर शब्दाने आणि उच्चारसाम्याने शोध घेता येतो. बोधचिन्हासाठी मात्र तेवढे पुरत नाही. चित्रमय चिन्हांची विभागणी व्हिएन्ना वर्गीकरण या आंतरराष्ट्रीय पद्धतीने केलेली असते. त्यात वनस्पतींचा वर्ग पाचवा आहे आणि माडासारखी झाडे त्याच्या पोटात येतात. आपल्या मालाच्या वर्गात (हे वर्ग पुढे दिले आहेत) या व्हिएन्ना वर्गाचा संकेतांक घालून शोधले की माडांची रांगच पडद्यावर उभी राहते, आणि बहुतेक वेळा नव्या चित्राचा विचार तेथूनच सुरू होतो.

माल व सेवांचे ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ मालाचे आणि उरलेले ११ सेवांचे. भाजलेले काजूगर व लोणची २९ व्या वर्गात येतात, मिठाई, बेकरीचे पदार्थ आणि मसाले ३० व्या, कोकम सरबत ३२ व्या, फेणी ३३ व्या, तर खानावळ आणि राहण्याची सोय ४३ व्या वर्गात. टी-शर्ट विकायचे असतील तर २५ वा वर्ग आला. व्यापारचिन्ह नियम, २०१७ प्रमाणे टीएम-ए या अर्जाचे ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये ठेवले गेले. कागदी अर्जाला ते अनुक्रमे ५,००० आणि १०,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत घेण्यासाठी उद्यम नोंदणीचे (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) प्रमाणपत्र जोडतात. काजूगर, कोकम सरबत आणि खाजी विकणाऱ्या घरगुती उद्योगाला तीन वर्ग धरून १३,५०० रुपये पडतात. वकिलाचे किंवा अभिकर्त्याचे (व्यापारचिन्ह एजंटाचे) मानधन वेगळे. पैसे कमी असतील तर ज्या मालावर आज धंदा चालतो त्याचाच वर्ग आधी घ्यावा. भविष्यात काढू म्हणून पाच-सहा वर्ग अडवून ठेवण्यात फारसा अर्थ नसतो.

नाव आणि चित्र एकत्र नोंदवावे की वेगवेगळे, हा पुढचा प्रश्न. एकत्र नोंदवलेल्या चिन्हातील चित्र पाच वर्षांनी बदलले, तर जुनी नोंदणी नव्या रूपाला पुरेशी पडेलच असे नाही. नाव वेगळेपणाचे असेल तर केवळ शब्दाची नोंदणी अधिक लवचीक राहते. कारण शब्द कोणत्याही वळणाने लिहिला तरी हक्क तोच राहतो. रंगाची मर्यादा न घालता केलेली नोंदणी कायद्याने सर्व रंगांसाठी मानली जाते, म्हणून पुष्कळ अभिकर्ते आकृती काळ्या-पांढऱ्यात दाखल करतात. गोव्यात एकाच पाटीवर देवनागरी आणि रोमी अक्षरे शेजारी शेजारी नांदतात. चिन्हांची तुलना करताना उच्चारही पाहिला जातो, त्यामुळे केवळ लिपी बदलून नक्कल करणाऱ्याची सुटका होत नाही.

अर्जानंतर परीक्षक अहवाल देतो. त्यात कलम ९ खाली वेगळेपणाच्या अभावाची किंवा कलम ११ खाली आधीच्या चिन्हाशी साम्याची हरकत असू शकते. उत्तरासाठी एक महिना मिळतो. ही मुदत निसटल्यामुळे अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते, म्हणून अर्जावर दिलेला ईमेल अधूनमधून उघडून पाहणे आवश्यक ठरते. उत्तराने समाधान न झाल्यास सुनावणी होते. हरकत दूर झाल्यावर चिन्ह व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते, आणि तेव्हापासून चार महिन्यांत कोणीही त्यास विरोध नोंदवू शकतो. विरोध आला नाही तर प्रमाणपत्र मिळते. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते. अर्ज केल्यावर ‘टीएम’ ही अक्षरे लावण्यास हरकत नाही. वर्तुळातील ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच लावावा, कारण नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणे कायद्याने दंडास पात्र आहे.

आधीच्या वापराचे बळ

भारतीय कायद्यात नोंदणीपेक्षा आधीचा प्रामाणिक वापर वरचढ ठरू शकतो, हे कित्येक जुन्या दुकानदारांना ठाऊक नसते. कलम ३४ नुसार नोंदणीधारकाला आपल्याआधीपासून चिन्ह सातत्याने वापरणाऱ्याला रोखता येत नाही, आणि कलम २७ नुसार नोंदणी नसलेल्या चिन्हाचा मालकही दुसऱ्याने स्वतःचा माल त्या मालकाचा म्हणून खपवल्याबद्दल दावा लावू शकतो. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या छोट्याशा मिठाईच्या दुकानाच्या नावावरून चाललेल्या वादात दोन्ही पक्षांकडे नोंदणी होती. तेथे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क श्रेष्ठ मानला.

हे बळ पुराव्याशिवाय कागदावरच राहते. अर्जात ‘अमुक सालापासून वापर’ असे लिहिले की त्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. येथे जुन्या चोपड्या उपयोगी पडतात: बोधचिन्ह छापलेली बिलबुके, लेबले छापून घेतल्याची छापखान्याची बिले, दैनिकातील दिवाळीची जाहिरात, जत्रेच्या फेरीतील दुकानाचा तारीखवार फोटो, पर्यटकांच्या घाऊक मागणीची पत्रे. चतुर्थीच्या साफसफाईत यांतले बरेच काही रद्दीत जाते. वीस वर्षे धंदा करूनही दोन वर्षांपलीकडचा पुरावा हाती नाही, अशी अवस्था त्यामुळेच येते.

अर्जदार कोण, हेही आधी ठरवावे. भावाभावांच्या धंद्यात अर्ज एकाच्या नावे गेला की वाटणीच्या वेळी चिन्ह हाच तंट्याचा मुद्दा होतो. शिवाय गोव्यात विवाहपूर्व करार नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता समाईक मानणारी व्यवस्था पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे. व्यापारचिन्ह हीसुद्धा मालमत्ताच असल्याने त्याचे हस्तांतरण करण्यापूर्वी ही बाजू वकिलाकडून तपासून घेणे इष्ट.

उल्लंघन आणि दाद

दोन चिन्हे शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनाच्या खटल्यात १९७२ मध्ये मांडले. एका वेष्टनावरील मुलीच्या हाती पाण्याची बादली होती, दुसऱ्यावरील मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा. दोहोंवर गाई, कोंबड्या आणि शेतघर. तपशील निरनिराळे असूनही, सर्वसाधारण ग्राहकाच्या मनावर उमटणारा एकूण ठसा सारखा असल्याने न्यायालयाने उल्लंघन मानले.

नोंदणीचा एक व्यावहारिक फायदा कलम १३४ मध्ये आहे. नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा वादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात लावता येतो. फोंड्याच्या काजू व्यापाऱ्याच्या पुड्याची नक्कल परराज्यात निघाली, तरी कज्जा गोव्यात चालवण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते. नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या दाव्याला ही सवलत नाही. न्यायालय मनाईहुकूम, नुकसानभरपाई किंवा नकलेतून मिळालेल्या नफ्याचा हिशेब देववू शकते. खोटे चिन्ह लावणे हा गुन्हाही आहे. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यवहारात बहुतेक तंटे वकिलाच्या नोटिशीवरच मिटतात. नंतर नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षे गप्प बसल्यास मात्र, त्या वापरकर्त्याने ते चिन्ह अप्रामाणिकपणे नोंदवले नसेल तर, त्यास विरोध करण्याचा हक्क जातो.

भौगोलिक निर्देशनाशी संबंध

काजू फेणीला २००९ मध्ये, तर बेबिंका (थरांची गोड मिठाई), मानकुराद आंबा आणि गोव्याचा काजू यांना २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारे ‘जीआय’ मानांकन, मिळाले. हा हक्क सामूहिक असतो. पात्र उत्पादक चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालू शकतो, पण ते नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतःच्या खिशात घालू शकत नाही. त्यामुळे फेणीच्या बाटलीवर दोन गोष्टी वेगळ्या राहतात: ‘फेणी’ हा सर्व अधिकृत उत्पादकांचा शब्द आणि त्या एका भट्टीवाल्याचे स्वतःचे बोधचिन्ह.

नूतनीकरण आणि परदेश

नूतनीकरणाचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये ठरवले गेले. त्यात लघुउद्योगाला सवलत नाही. मुदत संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत अधिभारासह ते भरता येते. नोंदणीनंतर पाच वर्षे आणि तीन महिने चिन्ह वापरात नसेल, तर ते काढून टाकण्याचा अर्ज कोणीही संबंधित व्यक्ती करू शकते. भारतीय नोंदणीचा अंमल भारतापुरताच असतो. ८ जुलै २०१३ पासून भारत माद्रिद प्रोटोकॉल या व्यापारचिन्हांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य असल्याने, येथील अर्जाच्या आधारे पोर्तुगाल किंवा संयुक्त अरब अमिरातीसारख्या सदस्य देशांत एकाच अर्जाने संरक्षण मागता येते. मात्र पहिल्या पाच वर्षांत मूळ भारतीय अर्ज फेटाळला गेला, तर त्यावर उभा असलेला आंतरराष्ट्रीय अर्जही पडतो.