तिपाई डगमगत नाही, पण कलंडते

माझ्या भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला घरात तीनचाकी आली. पुढे एक चाक, मागे दोन, आणि पायडल पुढच्याच चाकाला. पोरगं महिनाभरापूर्वी चालायला लागलेलं, पण ओढा सगळा पळण्याकडे. त्याला सीटवर बसवलं, आईने समोरून बिस्कीट दाखवलं. ते घ्यायला तो पुढे आणि जरासा डावीकडे वाकला आणि गाडीसकट आडवा झाला. लागलं काही नाही. आईने मीठमोहऱ्या उतरवल्या. दाजी म्हणाले, "तीन चाकं आहेत. तिपाई कधी डगमगते का?"

दाजींचं वाक्य खरं आहे, आणि गैरसमजही त्यातूनच जन्मतो. तिपाई डगमगत नाही, कारण एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. फरशी कितीही वरखाली असो, तिन्ही पाय टेकतातच. चौथा पाय आला की तो अधांतरी राहण्याची शक्यता येते, म्हणून हॉटेलातल्या टेबलाखाली कागदाची घडी घालावी लागते. पण डगमगणं वेगळं आणि कलंडणं वेगळं. डगमगणं पाय टेकण्याशी निगडित आहे, तर कलंडणं वजनाचा ओळंबा कुठे पडतो याच्याशी.

गवंडी भिंत सरळ आहे का हे ओळंबा सोडून बघतो. तसाच एक ओळंबा मूल आणि गाडी यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून खाली सोडला आहे, असं समजा. चाकं जिथे जमिनीला टेकतात ते बिंदू जोडून होणाऱ्या आकृतीत तो पडला, तर गाडी उभी राहते. आकृतीची कड ओलांडली की गाडी त्या कडेवरून उलटते. शाळेत हे शिकलेलो असतो, फक्त खेळण्याच्या दुकानात ते आठवत नाही.

आता मूल बघा. जन्मतः डोकं शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसात ते साधारण एक अष्टमांश. वर्षा-दीड वर्षाचं मूल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. डोकं जड, पाय आखूड, म्हणजे उंचीच्या मानाने गुरुत्वमध्य वर. त्यात ते एका जागी बसत नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची खेळतानाची हालचाल मोजली. सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! पडणं हा दृष्ट लागल्याचा परिणाम नाही, शिकण्याच्या कामाचाच भाग आहे. मीठमोहऱ्यांना लागणारी पाच मिनिटं गाडीच्या चाकांतलं अंतर मोजायला दिली, तर मुलाचा खरा फायदा होईल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कागद-पेन्सिल घ्या. मागच्या दोन चाकांत ३० सेंमी अंतर, पुढचं चाक त्यांच्यापुढे ४० सेंमी. टेकण्याचे बिंदू जोडले की तेवढ्याच मापाच्या चारचाकीत आयत होतो, तीनचाकीत त्रिकोण. एकत्रित गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १५ सेंमी पुढे आणि जमिनीपासून ४० सेंमी उंच धरू. चारचाकीत मधल्या रेषेपासून बाजूची कड सरळ १५ सेंमीवर. पण त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. मूल बसतं तिथून त्याच्या तिरक्या कडेचं लंब अंतर जेमतेम ९ सेंमी उरतं. या अंतराला उंचीने भागलं की कलंडण्याच्या कोनाचं टॅन्जंट मिळतं. चारचाकी सुमारे २१ अंश कलल्यावर उलटेल, तीनचाकी १२ अंशांवरच.

आणि बिस्कीट? मूल पुढे वाकल्याने गुरुत्वमध्य १० सेंमी पुढे सरकला असं धरा. आयतात बाजूची कड होती तिथेच राहते, काही बिघडत नाही. त्रिकोणात मात्र ओळंबा निमुळत्या टोकाकडे जातो, कड ५ सेंमीच्या आसपास येते आणि कोन उरतो साडेसात अंश. म्हणजे मूल वाकलं पुढे, पण गाडी उलटते बाजूला. भाच्याचं नेमकं हेच झालं, आणि "यानंच काहीतरी केलं असणार" असं सगळ्यांना वाटलं ते यामुळेच.

वळणावर हाच हिशेब पुन्हा येतो. ताई मागून ढकलतेय, वेग सेकंदाला दीड मीटर, वळणाची त्रिज्या एक मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण. गाडीला किती त्वरण सोसेल हे काढायला तेच अंतर-उंचीचं गुणोत्तर ९.८ ने, म्हणजे गुरुत्वत्वरणाने, गुणायचं. चारचाकीला ३.७ पर्यंत सोसतं, तीनचाकीला साधारण २.२ पर्यंत, आणि मूल पुढे वाकलेलं असेल तर १.३ च. एकाच वळणावर एक गाडी निवांत जाते आणि दुसरी आडवी होते. खरेदीला जाताना म्हणूनच मोजपट्टी न्यावी. पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटलेली असतील, तर ती "चारचाकी" या हिशेबाने तीनचाकीच आहे. आणि सीट जितकं खाली, तितकं चांगलं, कारण भागाकारात उंची खाली असते.

पाय जमिनीवर टेकले की चित्रच बदलतं. दोन पावलं म्हणजे दोन नवे आधारबिंदू, तेही हवे तिथे हलवता येणारे. त्रिकोण क्षणात रुंद होतो. पायडलवर पाय ठेवले की हा आधार गेला. शिवाय पायडल आणि हँडल एकाच चाकाला असतात, तेव्हा उजव्या पायाने दाबलं की चाक फिरतं आणि वळायलाही बघतं, ते हातांनी रोखावं लागतं. हा ताळमेळ साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमू लागतो. माणसाने सायकलही याच क्रमाने शिकली. जर्मन संशोधक कार्ल फॉन ड्राइस १२ जून १८१७ रोजी मानहाइममधून ज्या दुचाकीवर निघाला, तिला पायडल नव्हतं, तो पायांनी जमीन मागे रेटत गेला. पायडलच्या सायकली पॅरिसमध्ये रुळल्या त्या १८६०च्या दशकात.

बॅटरीवरच्या मोटारींबद्दलही बोलायला हवं, कारण खोक्यावर "बुद्धिविकास" लिहून त्या एका वर्षाच्या मुलांसाठी विकल्या जातात. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या दांड्याला बांधल्या. एक पिल्लू स्वतः चालायचं, दुसरं पेटीत बसून तेवढंच फिरायचं. दोघांना दिसायचं सारखंच. पण टेबलाची कड जवळ आली की पंजे पुढे करणं किंवा खोल बाजू टाळणं हे चालणाऱ्या पिल्लाला जमलं, बसून फिरणाऱ्याला नाही. मोकळं सोडल्यावर तेही काही दिवसांत शिकलं. मुलं म्हणजे मांजरं नव्हेत, आणि थोडा वेळ मोटारीत बसल्याने कुणाचं नुकसान होत नाही. पण बटण दाबल्यावर गाडी पळते, तेव्हा पाय किती रेटला की किती पुढे जातो, हा धडा मिळत नाही.

चाकांच्या गोल वॉकरबद्दल तर मी स्पष्टच सांगतो, घेऊ नका. मूल त्यात लोंबकळतं, वेग मिळतो, जिना दिसत नाही. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर, स्वतःचं वजन पेलून उभं असतं.

उरलेलं थोडक्यात. मुलाला भिंतीला टेकवून उभं करा, दोन पायांमध्ये वही आडवी धरून वर सरकवा आणि जमिनीपासूनची उंची मोजा. सीट त्याहून दोन-तीन सेंमी खाली हवं. चाकं फार लहान नकोत. दीड सेंमीच्या उंबऱ्यावर ५ सेंमी त्रिज्येचं चाक चढवायला त्या चाकावरच्या भाराइतकाच आडवा जोर लागतो, १० सेंमीच्या चाकाला त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. लहान चाक अडतं आणि मूल हँडलवर आपटतं. हँडल पूर्ण आडवं वळत असेल, तरी तोच प्रकार. आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१पासून भारतात खेळण्यांना ते सक्तीचं आहे, आणि त्यामागच्या आयएस ९८७३ या मानकात गाडी भारासह तिरप्या पृष्ठभागावर ठेवून कलंडते का, हेही तपासलं जातं.

आमची तीनचाकी माळ्यावर गेली, दोन वर्षांनी उतरवू. तिच्या जागी बसक्या सीटची लाकडी चारचाकी आणली. भाचा तिच्यावर बसण्यापेक्षा तिला मागून ढकलतोच जास्त, आणि उभं राहायला हँडल खाली ओढतो, तेव्हा पुढची चाकं उचलली जात होती. म्हणून सीटखालच्या खणात, अगदी पुढच्या टोकाला, दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली आहे.