कागद, साक्षीदार आणि सही : खरेदी-भाड्याच्या वादांची पार्श्वभूमी

पावती जपून ठेवा, भाड्याने घेतलेल्या वस्तूची स्थिती आधीच लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका, या सूचना ग्राहकांना वारंवार दिल्या जातात. पण त्यांच्यामागे शतकानुशतकांचे वाद आहेत, हे फारसे सांगितले जात नाही.

इ.स.पू. १८व्या शतकातील बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेनुसार, एखाद्याच्या मुलाकडून किंवा गुलामाकडून साक्षीदार व करार यांच्याविना सोने, चांदी वा बैल घेणारा चोर ठरे आणि त्याला देहदंड होई. भाड्याने नेलेला बैल सिंहाने मारला तर नुकसान मालकाचे; मात्र हेळसांडीने किंवा मारहाणीने तो मेला, तर भाड्याने नेणाऱ्याला दुसरा बैल भरून द्यावा लागे. रोममध्ये गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांवर दोष उघड सांगण्याचे बंधन आले. लपवलेला दोष निघाल्यास सहा महिन्यांत सौदा रद्द करून घेता येई, तर वर्षभरात किंमत कमी करून मागता येई.

इंग्लंडमधील न्यायालये मात्र दीर्घकाळ ग्राहकाच्या बाबतीत कठोर राहिली. विषावर उतारा मानला जाणारा बेझोअर खडा म्हणून एका सोनाराने १०० पौंडांना दगड विकला. १६०३ मध्ये न्यायालयाने ठरवले की वस्तूविषयी नुसते सांगणे म्हणजे हमी नव्हे, आणि खरेदीदार हरला. मालाच्या दर्जाविषयीच्या काही हमी करारात लिहिलेल्या नसल्या तरी गृहीत धराव्यात, हे तेथे १८९३ च्या माल विक्री कायद्याने नक्की केले.

परंतु त्या हमी करारातूनच काढून टाकण्याची वाट विक्रेत्यांना मोकळी राहिली, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण १९३४ चे आहे. एका उपाहारगृहाच्या मालकिणीने हप्त्यांवर सिगारेटचे यंत्र घेतले. ते नीट चालेना. पण तपकिरी कागदावरील बारीक अक्षरांत अशा सर्व हमी नाकारलेल्या होत्या आणि खाली तिची सही होती. फसवणूक किंवा दिशाभूल झालेली नसेल, तर सही करणारा मजकूर न वाचताही बांधला जातो, असा निकाल लागला. करारातले शब्दच निर्णायक ठरतात, हा धडा भाडेखरेदीत (म्हणजे वस्तू आधी भाड्याने घेऊन, सर्व हप्ते भरल्यावर ती आपली होण्याच्या व्यवहारात) १८९५ मध्येच मिळाला होता : हप्त्यांवर घेतलेला पियानो ग्राहकाने गहाण टाकला, तेव्हा त्याने तो विकत घेण्याचे बंधन स्वीकारलेच नव्हते या कारणाने तो मूळ मालकाला परत मिळाला आणि सावकाराचे पैसे अडकले.

हमी नाकारणाऱ्या अटींना ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने आळा घातला. १९९३ च्या युरोपीय निर्देशाने अन्यायकारक अटी ग्राहकावर बंधनकारक नसतील आणि संदिग्ध मजकुराचा अर्थ त्याच्या बाजूने लावला जाईल, असे ठरवले. मात्र किंमत आणि व्यवहाराचा मुख्य विषय स्वच्छ, समजेल अशा भाषेत लिहिलेला असेल, तर तो अन्यायकारक आहे की नाही याची तपासणी त्या निर्देशाने कक्षेबाहेर ठेवली.