दातांचा अंकुर आणि ग्रोथ फॅक्टर: शोधामागची पार्श्वभूमी

बाळ वर्षाचं होत आलं तरी दात दिसत नाही, की सोलापुरातल्या दवाखान्यांत पहिला प्रश्न ठरलेला: "कॅल्शियम कमी पडलं का?" बहुतेक वेळा थोडा उशीर होतो, इतकंच. पण जबड्यात दाताचा अंकुरच, म्हणजे त्याची सुरुवातीची कळीच, धरलेली नसेल तर कॅल्शियमच्या बाटल्यांनी दात येत नाही. दुधाच्या दातांची जडणघडण गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. ती चालते ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेल्या प्रथिनांच्या संकेतांवर.

1962 साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीतून एक प्रथिन वेगळं केलं. नवजात पिल्लांना ते टोचलं की डोळे लवकर उघडत, पुढचे दात लवकर बाहेर येत. तोच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. 1986 च्या नोबेलमागे हे काम होतं. मात्र त्यातून दात बाहेर कसा येतो याचा धागा मिळाला, तो घडतो कसा हे कोडं उरलंच.

ते उलगडलं हेलसिंकीत. इर्मा थेस्लेफ यांच्या गटाने 1993 मध्ये बीएमपी-4 या ग्रोथ फॅक्टर प्रथिनात भिजवलेले बारीक मणी उंदराच्या गर्भातल्या जबड्याच्या उतीवर ठेवले. मण्याभोवतीच्या पेशींत दात घडवणारी एमएसएक्स ही जनुकं जागी झाली. एरवी हा संकेत जबड्याच्या उतीवरचा पातळ थर देतो. खालची उती तो घेते आणि मग स्वतःच बीएमपी-4 बनवून उलट निरोप धाडते. ही देवाणघेवाण तुटली की काम अर्ध्यात थांबतं: एमएसएक्स-1 नसलेल्या उंदरांचे दात अंकुरापुढे सरकत नाहीत, हे 1994 मध्ये दिसलं. लंडनमध्ये 1998 साली उंदराच्या गर्भातल्या जबड्यात बीएमपीचा संकेत अडवला, तर पुढच्या दाताच्या जागी चक्क दाढ घडली!

आपल्या उन्हाशी जोडलेला धागा मात्र ईडीए (एक्टोडिस्प्लासिन-ए) या दुसऱ्या प्रथिन-संकेताचा. डार्विनने 1875 मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच, बारके दात, केस विरळ, आणि उन्हाळा सोसवत नसे. त्याच तऱ्हेच्या आजाराचं, म्हणजे ईडीए बनवणारं, जनुक 1996 मध्ये सापडलं. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी या तिन्हींना हाच संकेत लागतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास प्रामुख्याने मुलग्यांना होतो. बिघडलेलं जनुक आईकडून आलेलं असेल तर तिचेही एखाददोन दात कमी किंवा टोकदार असू शकतात, म्हणून तिचंही तोंड तपासावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की अशा बाळाला घाम न आल्याने ताप चढतो. तापाचं औषध तिथे फारसं लागू पडत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून गार ठेवावं लागतं.

2018 मध्ये जर्मनीतून बातमी आली: गर्भजलात ईडीए प्रथिन सोडल्यावर जन्मलेल्या, हाच आजार असलेल्या जुळ्यांना घाम येत होता. जन्मानंतर मात्र ही वेळ निघून गेलेली असते. दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर तपासणी करावी. मूल स्थिर उभं राहू लागलं की ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या) एक्स-रेमध्ये कोणते अंकुर आहेत ते कळतं. दात नसतील तिथे जबड्याचं हाडही बारीक राहतं. त्यामुळे तीन-चार वर्षांपासून बसवलेली कवळी जबडा वाढेल तशी पुन्हा नव्याने करावी लागते.