एकतीस खोक्यांचा मस्टर

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस बनवायच्या प्रोग्रॅममध्ये हजेरीचा मस्टर करायचा, तर फॉर्मवर ३१ टेक्स्ट बॉक्स मांडावे लागतात. नावं साधी: दिन१, दिन२, थेट दिन३१ पर्यंत. (कोडमध्ये ती रोमन लिपीतच असतात, का, ते पुढे येईलच.) आता रविवारचे खोके राखाडी करायचेत. रविवार दर महिन्याला वेगळ्या तारखांना, म्हणजे प्रत्येक खोक्याला अट लावायला हवी. नवशिका माणूस ३१ वेळा तीच अट चिकटवतो. मीही चिकटवली होती.

मग लूप सुचतो, म्हणजे तेच काम खोक्यामागून खोका करत जाणारा कोड. 'नाव' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या डब्यात, "दिन७" भरायचं आणि 'मी.नाव' लिहायचं. (इंग्रजी 'मी' म्हणजे फॉर्म स्वतःच, मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.) पण ॲक्सेस अडतो, कारण टिंबानंतर आलेला शब्द तो जसाच्या तसा घेतो. तुम्ही चिठ्ठीवर पत्ता लिहून दिलात आणि तो 'चिठ्ठी' नावाचं घर शोधत फिरतोय, असा प्रकार.

लिहायचं असतं ते असं: मी.कंट्रोल्स("दिन" & क्र). फॉर्मवरचे सगळे कंट्रोल (खोके, लेबलं, बटणं) या 'कंट्रोल्स' संग्रहात असतात. कंसातलं आधी जुळवलं जातं आणि जे नाव तयार होईल त्याचा कंट्रोल हाती येतो. 'क्र' हा आकडा १ पासून महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत फिरवला की झालं.

पण फुकट काही नाही. 'मी.दिन७' लिहिताना चूक झाली तर कंपाइल करतानाच, म्हणजे कोड चालवण्याआधीच्या तपासणीतच, समजतं. अवतरणचिन्हांतलं नाव मात्र चालवेपर्यंत कुणी तपासत नाही. शेवटच्या खोक्याचं नाव चुकलं असेल, तर एप्रिलभर मस्टर गुमान चालतो आणि मे उघडला की समोर २४६५ क्रमांकाची एरर.

तरीही मला या युक्तीचा खरा उपयोग वाटतो तो मराठीसाठी. व्हीबीए या ॲक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोड-खिडकीत देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हं उमटतात, कारण ती खिडकी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरपद्धत, जाणत नाही. टेबलं आणि फॉर्म जाणतात. म्हणून एका टेबलात दोन रकाने करायचे: लेबलचं रोमन नाव आणि त्यावर दिसायचा मराठी मजकूर. फॉर्म उघडताना एकेक ओळ वाचायची, पहिल्या रकान्यातल्या नावाने लेबल गाठायचं आणि त्याच्या कॅप्शनमध्ये (दिसणाऱ्या मजकुरात) दुसरा रकाना ओतायचा. उद्या कुणी कन्नड मागितलं, तर तिसरा रकाना आणि कोडमध्ये फक्त तो निवडण्यापुरता बदल.