क्रेडिट रिपोर्टवर वसुलीची नोंद आली कुठून?

अमेरिकेत क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे माणसाच्या उधारी-परतफेडीच्या अहवालावर, ‘कलेक्शन’ (वसुली) अशी नोंद दिसली की समजायचे, मूळ धनकोने वाट पाहणे सोडले आणि थकबाकी वसुलीवाल्याकडे सोपवली किंवा विकूनच टाकली. ही नोंद अनेकांची झोप उडवते. पण वसुली आणि पतमाहिती यांची सांगड आजची नाही, ती पहिल्या दिवसापासूनची आहे.

1837 च्या आर्थिक अरिष्टात न्यूयॉर्कमधली टॅपन बंधूंची रेशमाची पेढी बसली. उधारीवर माल देताना समोरच्याची खरी स्थिती कळत नाही, हा धडा घेऊन लुईस टॅपनने 1841 मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे वकील तिथल्या दुकानदारांची खबर कळवत: धंदा कसा चालतो, मालमत्ता किती, दारूचे व्यसन आहे का. त्यांना पगार नसे. मोबदल्यात त्या गावातल्या थकबाकीची वसुली त्यांच्याकडे येई. खबर देणारा तोच आणि वसूल करणाराही तोच! वर्गणीदार व्यापारी कार्यालयात आला की कारकून जाडजूड वहीतून नोंद वाचून दाखवायचा. ज्याच्याविषयी ती लिहिलेली असे, त्याला तिचा पत्ताही नसे.

सामान्य ग्राहकांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांनीही हीच रीत चालवली. 1899 मध्ये अटलांटात सुरू झालेली रिटेल क्रेडिट कंपनी, म्हणजे आजची इक्विफॅक्स, माणसांच्या खासगी सवयींचीही टिपणे ठेवायची. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1970 मध्ये फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा झाला. आपल्या नावावर काय लिहिलेय हे जाणून घेण्याचा आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याचा हक्क तेव्हा कुठे मिळाला. वसुलीची नोंद सात वर्षांनी काढावी, हेही ठरले.

सात वर्षे, पण कधीपासून? कर्ज हातोहात विकले जाई आणि नवा मालक नवी तारीख टाकून नोंद ताजी करी. ही पळवाट बुजवायला 1996 ची दुरुस्ती यावी लागली. समजा, कार्डाचे बिल मार्च 2019 मध्ये थकले आणि पुढे खाते कधीच नियमित झाले नाही. या दुरुस्तीप्रमाणे त्यानंतरचे 180 दिवस आणि मग सात वर्षे धरून नोंद सप्टेंबर 2026 मध्ये जायला हवी. मधल्या काळात कर्ज दोनदा विकले गेले, काही रक्कम भरली, तरी ही मुदत बदलत नाही. म्हणूनच रिपोर्ट हाती आला की रकमेच्या आधी पहिल्या थकीची तारीख पाहावी, असे मी कळकळीने सांगेन.

वसुलीवाल्यांच्या वागण्याला 1977 च्या कायद्याने लगाम घातला: रात्री नऊनंतर फोन नाही, धमक्या नाहीत, आणि 30 दिवसांत लेखी हरकत घेतली तर कर्जाची खातरजमा करून देईपर्यंत वसुली थांबवायची. तरीही एक क्रूर युक्ती उरलीच. काही न कळवता नोंद गुपचूप टाकून ठेवायची. माणूस घरकर्जाला गेला की अडतो आणि मुकाट्याने पैसे भरतो. आधी कर्जदाराशी संपर्क साधल्याशिवाय नोंद करायची नाही, हा नियम लागू व्हायला नोव्हेंबर 2021 उजाडले.

दवाखान्याच्या बिलांचा प्रश्न अजून धुमसतो आहे. 2023 मध्ये क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी (ब्युरोंनी) 500 डॉलरखालच्या अशा नोंदी आपणहून काढल्या. सर्वच वैद्यकीय थकबाकी वगळणारा सरकारी नियम जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला, पण जुलैमध्ये टेक्ससच्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला.