रुपये एकशे फक्त

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पतपेढीसाठी मी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत पावत्यांचा प्रोग्रॅम लिहून दिला, त्याला आता तीसेक वर्षं होतील. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या डॉसचा काळ. मराठी छापण्यासाठी संगणकात पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं आणि शेजारी किरकिरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पहिल्याच सकाळी एका सभासदाने आवर्ती ठेवीचे शंभर रुपये भरले. पावतीवर आलं : ‘अक्षरी रुपये एकशे फक्त’. खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “एकशे किती?”

प्रश्न रास्त होता. आकडा शब्दांत लिहून देणारा प्रोग्रॅमचा तुकडा हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलेला असतो, आणि मराठीत तो इंग्रजीपेक्षा जास्त घाम काढतो. इंग्रजीला शून्य ते नव्व्याण्णवसाठी २८ शब्द पुरतात : शून्य ते वीस हे एकवीस, आणि तीस ते नव्वद हे सात. बाकीचे जोडून होतात. मराठीत ‘सत्तेचाळीस’मधून ‘सात’ आणि ‘चाळीस’ सरळ सुटे होत नाहीत, आणि ‘सदुसष्ट’मध्ये तर सात शोधावा लागतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असा नियम लागतोय म्हणावं, तर एकोणनव्वदपर्यंत येऊन नव्व्याण्णवला तो मोडतो. मुकाट्याने शंभर शब्दांचा तक्ता टाइप करायचा, दुसरा इलाज नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बहात्तरसाठी ‘सत्तर दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावर गदारोळ उठला. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तिची बाजू मांडली होती. त्या पद्धतीने माझंही काम २८ शब्दांत भागलं असतं. पण ‘रुपये सत्तर दोन फक्त’ अशी पावती खजिनदार काकांनी तिथल्या तिथे फाडली असती.

तक्ता झाला की उरलेलं काम भागाकाराचं. समजा रक्कम १,२३,४५,६७८. एक कोटीने भागलं, भागाकार १ : ‘एक कोटी’. बाकीला एक लाखाने भागलं : ‘तेवीस लाख’. मग हजाराने : ‘पंचेचाळीस हजार’. मग शंभराने : ‘सहाशे’. उरले ७८, ते तक्त्यातून ‘अठ्ठ्याहत्तर’. कोटींचा आकडाच ९९ च्या वर गेला, तर तुकडा स्वतःलाच पुन्हा हाक मारतो : आधी एवढं शब्दांत सांग, मग मी पुढे ‘कोटी’ लावतो. प्रोग्रॅमिंगमध्ये याला रिकर्शन म्हणतात. पतपेढीत त्याची वेळ कधी आली नाही, पण लिहिताना मजा आली हे खरं.

माझं चुकलं ते शेकड्यात. १०० ला १०० ने भागलं, भागाकार १, म्हणून ‘एकशे’. बाकी शून्य, म्हणून पुढे काही नाही. यंत्राच्या मते सगळं बरोबर. ‘शंभर’ हा अपवाद मला बोलताना कधी आठवावा लागला नव्हता, म्हणून लिहिताना आठवलाच नाही. पाच मिनिटांत दुरुस्ती केली आणि घरी आलो.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. पावती आता ठीक येत होती, पण व्हाउचरवर ‘एकशे’ तसाच. मुदत ठेवीच्या प्रमाणपत्रावरही. मी तोच तुकडा चार प्रोग्रॅममध्ये चार वेळा चिकटवला होता आणि दुरुस्त केला होता फक्त दोन जागी.

संगणकशास्त्रज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथल्या सॉफ्टवेअरवरच्या परिषदेत मांडलं होतं की सॉफ्टवेअरचे सुटे भागही कारखान्यातल्या भागांसारखे तयार मिळायला हवेत. वागळे इस्टेटमध्ये नट-बोल्ट कोणी स्वतः घडवत बसत नाही, दुकानातून आणतो, तसं. मला मात्र १९७२ चा, त्याच क्षेत्रातल्या डेव्हिड पार्नास यांचा मुद्दा अधिक पटतो. त्यांच्या मते प्रोग्रॅमचे भाग कामाच्या टप्प्यांप्रमाणे पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्यांतला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्याने टायपिंग वाचतं, हा किरकोळ फायदा. ‘शंभराला काय म्हणायचं’ हे ठरवण्याची जागा एकच राहते, ते महत्त्वाचं. फॉक्सप्रोत त्यासाठी ‘सेट प्रोसीजर’ ही आज्ञा होती : सगळे तुकडे एका फाइलीत ठेवा आणि प्रत्येक प्रोग्रॅमला तिचं नाव सांगा. माझी अशी फाइल त्या फोननंतर सुरू झाली. पुढे ठाण्यातून वाशी, तुर्भे, कोपरखैरणे करत फिरलो, तेव्हा गिऱ्हाइकाकडे जाताना खिशात तिची फ्लॉपी असायची.

त्या फाइलीत काय काय होतं ते सगळं सांगत बसत नाही. पैशांचा तुकडा दोन ओळींचा होता : रक्कम नेहमी पैशांत, पूर्णांकात ठेवायची. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ हा अपूर्णांक नेमका लिहिताच येत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ च्या किंचित पुढे जाते आणि वर्षअखेरीला ताळेबंद एका पैशाने रुसतो.

पुसण्याचा तुकडा जास्त रंजक. फॉक्सप्रो ज्यात नोंदी ठेवतो ती डीबीएफ फाइल मुळात डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमची. तिचं बीज वेन रॅटलिफ यांनी अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत असताना रोवलं, तेही ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजांसाठी. फाइलीची रचना चाळीतल्या खोल्यांसारखी आहे. सगळ्या खोल्या एका मापाच्या. सुरुवातीला ३२ बाइटचा (एक बाइट म्हणजे एका अक्षराएवढी जागा) मथळा, मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइट आणि शेवटी खुणेचा एक. दहा रकाने असतील तर ३५३ बाइट झाले. एक नोंद १२० बाइटची असेल, तर पाच हजारावी नोंद शोधत जावं लागत नाही : ४९९९ गुणिले १२०, अधिक ३५३, म्हणजे ६,००,२३३ बाइट ओलांडले की तिचं दार. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट राखीव. तो रिकामा असेल तर नोंद जिवंत, तिथे तारांकन असेल तर पुसलेली. ‘डिलीट’ म्हटल्यावर एवढंच होतं, दारावर फुली पडते. माणूस आतच असतो. ‘रिकॉल’ म्हटलं की फुली पुसली जाते. खरोखर खोल्या रिकाम्या करायला ‘पॅक’ द्यावं लागतं, आणि तेव्हा बाकी कोणी ती फाइल उघडून बसलेलं चालत नाही. तुर्भ्याच्या बाजारातल्या एका गाळ्यावर दिवाणजींनी अख्ख्या महिन्याची उधारी उडवली होती. ती मी चहा गार व्हायच्या आत परत आणली. त्यांना जादू वाटली, मीही गैरसमज दूर केला नाही.

खरा कस लागला पतपेढीत दुसरी खिडकी सुरू झाल्यावर. दोन संगणक आणि मधे एक केबल. पावती क्रमांकाचा माझा नियम सोपा होता : शेवटचा क्रमांक बघ, त्यात एक मिळव. एका सोमवारी ४४१८ क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या. दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी पाहिलं, दोघींना ४४१७ दिसला, दोघींनी एक मिळवला. चूक कोणाचीच नाही आणि पुन्हा करून दाखवायला गेलं तर होतही नाही. दिवसभर दोन्हीकडे बसून कळा दाबल्या, एकदाही दोन सारखे क्रमांक आले नाहीत.

उपाय कागदाच्या काळातच होता. पावतीपुस्तक एकच असतं आणि ते एका वेळी एकाच्याच हातात असतं. म्हणून क्रमांकासाठी वेगळी फाइल केली, तीत एकच नोंद. तुकडा आधी त्या नोंदीला कुलूप लावतो, मग क्रमांक वाचतो, वाढवतो, लिहितो आणि कुलूप काढतो. दुसऱ्या खिडकीने त्याच वेळी मागितला तर क्षणभर थांबायचं आणि पुन्हा मागायचं. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे कोणाला शिरू न देणं, एवढीच यातली मेख. बँकांच्या मोठ्या डेटाबेसमध्येही हेच तत्त्व आहे, आणि अशा व्यवहारांवरच्या (ट्रान्झॅक्शन) संशोधनासाठी जिम ग्रे यांना संगणकशास्त्रातलं १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आमच्याकडे तो बारा ओळींचा तुकडा होता.

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात वेगळाच घोळ. नावं इंग्रजीत लिहिलेली आणि एकाच रुग्णाची तीन-तीन कार्डं. सारख्या उच्चाराची नावं शोधायला फॉक्सप्रोत साउंडेक्स तयार होतं; ही अमेरिकेतली, १९१८ च्या पेटंटची पद्धत. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, व्यंजनांच्या गटांना आकडे द्यायचे. तिच्यात डब्ल्यू स्वरांसारखा गळतो, पण व्ही हा बी, पी, एफ यांच्या गटात बसतो. परिणाम असा की गावडे डब्ल्यूने लिहिले तर जी-३००, व्हीने लिहिले तर जी-१३०. साउंडेक्सच्या कानाला ही दोन वेगळी माणसं! मग डब्ल्यूचा व्ही करणारा, शेवटच्या ‘एओ’चा ‘एव्ही’ करणारा (जाधवांसाठी) माझा तुकडा लिहिला आणि त्यावर नावं चटकन शोधायची सूची (इंडेक्स) बांधली. एकच पथ्य : तुकड्यात फेरफार केला की सूची नव्याने बांधायची, नाहीतर ती जुन्याच कानाने ऐकत राहते.

अलीकडे पतपेढीने सगळं एसक्यूलाइट या डेटाबेसवर नेलं. काम ऐरोलीच्या एका तरुण मुलाने केलं. फॉक्सप्रोतलं त्याने काहीच घेतलं नाही, फक्त शंभर शब्दांचा तक्ता आणि त्याखालचा भागाकार तसाच उतरवला. मग चाचणीला बसला आणि मला म्हणाला, “काका, पाच हजार शंभर टाकून बघा.”

‘रुपये पाच हजार एकशे फक्त’.

त्या पहिल्या दिवशी घाईत मी अट लिहिली होती : पूर्ण रक्कम १०० असेल तर ‘शंभर’. कोटी, लाख, हजार काढून उरलेली रक्कम १०० असेल तर, असं हवं होतं. जागा एकच होती, त्यामुळे चूकही पावती, व्हाउचर, प्रमाणपत्र, सगळीकडे एकसारखी पोचली होती. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मी खिडकीतल्या ताईंना विचारलं.

“आलं होतं की,” त्या म्हणाल्या. “आम्हाला वाटायचं, पुढचा शब्द छापायचा राहतोय. कोणी काही घुसडू नये म्हणून आम्ही ‘एकशे’नंतर पेनाने रेघ मारतो.”